गांधीजी सूत कातत नाहीयेत

आठवीच्या वर्गात मी एकदा गांधीजींचा तो चरख्याजवळचा प्रसिद्ध फोटो लावला. पुढे मोठा चरखा, मागे खाली बसलेले गांधीजी. "काय चाललंय या फोटोत?" असं विचारल्यावर सगळ्या वर्गाकडून एकच उत्तर आलं, "गांधीजी सूत कातताहेत." मी म्हटलं, "नीट बघा." पुन्हा तेच उत्तर, फक्त आवाज जरा मोठा. मिनिटभराने तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांचा हात चरख्याला लागलेलाच नाहीये. ते तर कायतरी वाचताहेत."

मग सगळ्यांनी माना पुढे काढल्या. गांधीजींच्या हातात कागद आहे, मान खाली आहे, नजर कागदावर आहे. चरखा त्यांच्यापुढे नुसता उभा आहे.

यात मुलांचा दोष नाही. चरखा दिसला की सूत, हे पहिलीपासून पाठ झालेलं. आमच्या चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र नावाचा एक प्रकार असतो, समोर काही न ठेवता आठवून काढायचं चित्र. मुलांनी समोरच्या फोटोचंही स्मरणचित्रच केलं होतं. फोटो वाचायला शिकवायचं म्हणजे मुळात एवढंच की, दिसतंय काय आणि मला वाटतंय काय, या दोहोंमध्ये थोडं अंतर पाडायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण करायला बसलं की मोठ्यांचीही भंबेरी उडते. शिक्षकांच्या एका शिबिरात मी हाच फोटो दाखवला होता. तिथेही सूतच कातलं गेलं.

वर्गात पुढचा प्रश्न विचारला, "या फोटोत सगळ्यात मोठं काय दिसतंय?" चरखा. "मग हा फोटो कुणाचा? गांधीजींचा की चरख्याचा?" इथे वर्गात सरळ दोन तट पडले. एक मुलगा उठून म्हणाला की कॅमेरा चरख्याच्या अलीकडे ठेवलाय म्हणून चरखा मोठा आलाय, गांधीजींच्या बाजूने फोटो काढला असता तर उलटं झालं असतं. म्हणजे कुणीतरी तिथे ठरवून बसलं होतं. फोटो आपोआप होत नाही, कुणीतरी कुठेतरी बसून तो काढतं, हे त्या मुलाने माझ्या मदतीशिवाय शोधलं.

ते 'कुणीतरी' म्हणजे मार्गारेट बर्क-व्हाइट. १९४६ साली 'लाइफ' या अमेरिकन मासिकासाठी तिने हा फोटो काढला. त्याआधी तिला सांगण्यात आलं की चरखेवाल्याचा फोटो हवा असेल तर आधी सूत कातायला शिका. बाई शिकली. फ्लॅशचे बल्ब तीनच वापरायची परवानगी होती, त्यातले पहिले दोन प्रयत्न फुकट गेले आणि तिसरा लागला. ही गोष्ट मी मुलांना सांगतो, पण तासाच्या शेवटी. आधी सांगितली की मुलं फोटो बघायचं सोडून माझं ऐकत बसतात.

या रीतीमागे बराच अभ्यास आहे. ॲबिगेल हाउसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माणसं चित्रासमोर उभी राहून नेमकं काय बोलतात, हे वर्षानुवर्षं नोंदवलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधला शिक्षण विभाग सांभाळणारे फिलिप येनावाइन त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी वर्गात वापरण्याजोगी एक पद्धत बसवली. तिच्यात प्रश्न तीनच. या चित्रात काय चाललंय? असं म्हणण्यासारखं तुला काय दिसलं? आणखी काय सापडतंय?

मधल्या प्रश्नाला मराठीत फार सुटसुटीत शब्द आहे, 'कशावरून?'. भांडणात हाच शब्द आपण समोरच्याला गप्प करायला वापरतो, त्यामुळे वर्गात तो मऊ आवाजात विचारावा लागतो. "कशावरून म्हणतेस गं?" असं. मूल म्हणतं, "ती बाई गरीब आहे." कशावरून? "कपड्यांवरून." कपड्यांत कुठे दिसलं, दाखव बरं. मग ते उठून फोटोजवळ येतं आणि उसवलेल्या बाहीवर बोट ठेवतं. बोट ठेवायला जागा सापडली तर ते निरीक्षण. सापडली नाही तर तो अंदाज, आणि अंदाजालाही मज्जाव नाही, फक्त तो अंदाज आहे हे कळलं पाहिजे.

शिक्षकाचं काम इथे अवघड होतं, कारण त्याला 'शाब्बास' म्हणायचं नसतं आणि 'चूक'ही म्हणायचं नसतं. मूल जे बोललं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, फोटोतली ती जागा दाखवायची आणि पुढच्याकडे वळायचं. मला हे जमायला दोन वर्षं लागली. तोंडातून 'बरोबर' निसटलं की बाकीचे हात खाली जातात, कारण बरोबर उत्तर मिळालेलं असतं, आता आणखी बघायचं कशाला.

वर ज्या बाईचा उल्लेख आला तिचा फोटो मी दुसऱ्या तासाला दाखवतो. डोरोथिया लँगने तो मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढला. अमेरिकेतल्या मंदीचा काळ होता आणि सरकारने गावोगावच्या हलाखीची नोंद करायला छायाचित्रकार नेमले होते, लँग त्यांपैकी एक. फोटोत एक बाई आहे, हात गालाशी नेलेला, नजर दूर कुठेतरी. दोन बाजूंना दोन मुलं आईच्या खांद्यात तोंड खुपसून उभी, मांडीवर तान्हं. जगात सर्वांत जास्त वेळा छापल्या गेलेल्या फोटोंमध्ये त्याची गणना होते.

हा फोटो दाखवायच्या आधी मी प्रत्येक बाकाला पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या देतो. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराच्या कापलेल्या. दोन 'एल' उलटसुलट जोडले की चौकट तयार होते आणि ती हवी तशी लहानमोठी करता येते. मुलांना सांगायचं, ही चौकट फोटोवर सरकवा आणि गोष्ट बदलून दाखवा. कुणी फक्त आईचा चेहरा ठेवतं, मग ती काळजीत आहे की नुसती विचारात, सांगता येत नाही. कुणी फक्त पाठमोरं मूल आणि आईचा खांदा ठेवतं. 'आता ते मूल रुसलंय असं वाटतं,' एक मुलगी म्हणाली, आणि खरंच तसं वाटत होतं. कागद तोच, शाई तीच, पट्टी दोन इंच सरकली एवढंच. फोटोग्राफीतल्या सगळ्या तांत्रिक शब्दांपैकी एकच शिकवायला मिळाला तर मी चौकट शिकवेन. उजेड, अँगल, फोकस हे मुलं मोबाइलवर खेळता खेळता उचलतात. चौकटीबाहेर काय राहिलं हा प्रश्न मात्र कुणी विचारल्याशिवाय सुचत नाही.

आणि लँगच्या बाबतीत बाहेर काय राहिलं हे दाखवता येतं! त्या दिवशी तिने एकच फोटो काढला नव्हता. त्याच तळावरचे दुसरे फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या सरकारी ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत, कुणालाही बघता येतात. त्यातल्या दूरच्या फोटोत राहुटी दिसते, सामान दिसतं, वयाने मोठी मुलगीही दिसते. लँग एकेका फोटोगणिक जवळ गेली आणि एकेक गोष्ट चौकटीबाहेर टाकत गेली. इतकंच काय, प्रसिद्ध फोटोच्या कोपऱ्यात राहुटीच्या खांबावर एका हाताचा अंगठा आला होता, तोही तिने नंतर पुसवून घेतला. मुलांना अंगठ्याची गोष्ट प्रचंड आवडते. 'म्हणजे तेव्हापण एडिटिंग करायचे!' हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो.

आता फोटोखालची ओळ. लँगने त्या बाईचं नाव विचारलंच नाही, तसं तिने स्वतःच पुढे लिहिलं आहे. गाडीचे टायर विकून त्यांनी अन्न आणलं होतं, असंही तिने लिहिलं. १९७८ मध्ये ती बाई स्वतः बोलती झाली तेव्हा जगाला नाव कळलं, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती चेरोकी आदिवासी होती, हे फोटोवरून कुणाला कळलं नव्हतं. लँगने माझा फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. टायर विकल्याची गोष्ट खरी नाही, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं सगळ्या जगाने तिचा चेहरा पाहिला, आणि खालची ओळ मात्र दुसऱ्याची होती.

आपल्याकडे तर हा कारखानाच चालला होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांमधल्या विल्यम जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या लोकांचे जातवार, जमातवार फोटो दोन खंडांत छापले. माणसं स्टुडिओत उभी करायची, आणि मागची देवळं, रस्ते, समुद्र दुसऱ्या काचेच्या निगेटिव्हवरून आणून जोडायचे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून भारतातल्या लोकांवर आठ खंड निघाले. त्यात फोटोशेजारी त्या जातीचा स्वभाव कसा, ती सरकारशी इमानी की उपद्रवी, असं बिनदिक्कत लिहिलेलं. सत्तावन्नच्या उठावानंतरचा काळ, राज्यकर्त्यांना माणसं ओळखून ठेवायची होती. त्यातल्या एकाही माणसाला कुणी विचारलं नसावं की बाबा रे, तुझ्या फोटोखाली काय लिहू?

स्वतःचा फोटो, स्वतःची ओळ, हा दुसरा टप्पा मी इथून सुरू करतो. नुसतं 'सेल्फ-पोर्ट्रेट काढा' म्हटलं तर मुलं सेल्फी काढून आणतात, ओठांचा चंबू केलेला आणि फिल्टरने दोन छटा गोरा झालेला चेहरा. त्यात वाईट काही नाही, पण त्यात ओळख कमी आणि डीपी जास्त असतो.

स्वतःला दृश्यातून मांडणं म्हणजे काय, हे समजायला आपल्या घराघरांत टांगलेली उदाहरणं आहेत. १९३१ च्या लंडनच्या गोलमेज परिषदेला गांधीजी आणि डॉ. आंबेडकर दोघेही होते. दोघेही विलायतेत शिकलेले बॅरिस्टर. एक जण पंच्यात, दुसरा सुटाबुटात. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईत अंगरखा सोडला, देशातल्या गरीब माणसाच्या अंगावर जेवढं कापड तेवढंच आपल्या अंगावर, म्हणून. आणि ज्यांनी काय नेसायचं, कुठे चालायचं हेसुद्धा शतकानुशतकं दुसऱ्यांनी ठरवलं, त्या समाजातून आलेल्या माणसाने कडक इस्त्रीचा सूट घालणं हे तितकंच ठाम विधान होतं. मुलांना विचारा, निळा कोट, हातात पुस्तक, उंचावलेलं बोट, एवढंच दाखवलं तर कोण? चेहरा लागतच नाही. खूण लागते, आणि ती खूण कुणी निवडली ते महत्त्वाचं.

म्हणून माझा गृहपाठ असा असतो: स्वतःचा फोटो काढा, पण त्यात चेहरा नको. एका फोटोत मावेल अशी एकच गोष्ट, आणि खाली स्वतः लिहिलेली एक ओळ. एकच अट, ती गोष्ट तुझीच असली पाहिजे, सगळ्यांची नको.

ही अट कशी चालते, ते एका मुलाच्या बॅटवरून सांगतो. त्याने क्रिकेट बॅटचा फोटो आणला. भिंतीला टेकवलेली बॅट, छान उजेड, फोकस बरोबर. मी विचारलं, "ही तुझी की सगळ्यांची?" तो म्हणाला, "माझीच आहे सर, मामाने दिलीय." म्हटलं, "ते तुला माहीत आहे. मला फोटोत कुठे दिसतंय?" दुसऱ्या दिवशी तो जवळून काढलेला फोटो घेऊन आला. बॅटची नुसती मूठ. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळलेली, वर सुतळीचे तीन वेढे, आणि एका बाजूला घामाने गुळगुळीत झालेली जागा. खाली ओळ होती, 'पप्पा पंक्चर काढतात.' दुकान नाही, वडील नाहीत, मुलगाही नाही, आणि तरी तिघेही त्या मुठीत आले होते. चौकट लहान केल्यामुळे ते झालं, आणि चौकट लहान करायची कशी हे तो पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी लँगच्या फोटोवर शिकला होता.

नंतर फोटो फळ्यावर ओळीविना लावायचे आणि बाकीच्या मुलांनी तेच तीन प्रश्न विचारून अंदाज करायचे. मग मूळ ओळ उघडायची. एका मुलीने कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्याचा फोटो आणला होता, त्यात दोन ड्रेस, एक पुस्तक, एक रिकामी अत्तराची बाटली. वर्गाने तर्क केला की हिला आवराआवर आवडते. तिची ओळ होती, 'घरात एवढीच जागा माझी आहे.' त्या दिवशी मी घंटा व्हायच्या आधीच तास संपवला.

लिहिण्याची बाजू बरेच जण सोडून देतात, आणि तिथेच अर्धा लाभ जातो. वेंडी युवाल्ड या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९७० च्या दशकात केंटकीच्या डोंगराळ खेड्यांतल्या मुलांच्या हाती कॅमेरे दिले, पुढे गुजरातमधल्या एका खेड्यातही तिने हे काम केलं. विषय चार, मी, माझं कुटुंब, माझी वस्ती आणि माझी स्वप्नं. फोटोतून मुलं लिहिती झाली, ही तिच्या कामातली मोठी गोष्ट. माझ्या वर्गातही निबंधात 'माझा आवडता छंद'वर चार ओळी खरडणारं मूल स्वतःच्या फोटोवर अर्धं पान लिहितं. कारण साधं आहे, निबंधाचा विषय माझा असतो आणि फोटो त्याचा.

काही गोष्टी रोखठोक सांगून ठेवतो, कारण उत्साहाच्या भरात शिक्षक इथे घसरतात. ओळख म्हटलं की जात, गरिबी, घरातली भांडणं सगळं वर येऊ शकतं, आणि मुलाने ते आणावंच असा आग्रह धरणारा शिक्षक जॉन्सनसाहेबाच्या रांगेत जाऊन बसतो. मुलाने लाल रिबीन आणली तर लाल रिबीन. मोबाइल सगळ्यांकडे नसतो, मी शाळेतल्याच एका फोनवर पाळीपाळीने काढू देतो, आणि गुण कॅमेऱ्याच्या भारीपणाला नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगतो. दुसऱ्याचा चेहरा फोटोत आला तर त्याला विचारायचं, आजी असली तरी. आणि हे फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत. एका शाळेत प्रदर्शनाच्या हौसेने मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकले गेले, एका मुलीच्या घरच्यांनी तिचा चित्रकलेचा तास बंद केला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची परवानगी हवी असं म्हटलंच आहे, पण कायदा नसता तरी मुलाला विचारायला काय हरकत होती?

हल्ली मुलं विचारतात, हा फोटो एआयने केलेला असेल तर? मी म्हणतो, प्रश्न तेच. कशावरून म्हणतोस, बोट ठेव. सावल्या एका बाजूला पडतात का, पाटीवरची अक्षरं वाचता येतात का, कुणी, कधी, कुठे काढला ते सापडतं का. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर 'माहीत नाही' म्हणायचं आणि पुढे पाठवायचं नाही.

मागच्या वर्षी शेवटच्या तासाला मुलांनी मलाच पकडलं. "सर, तुमचा फोटो?" मी तयारीनेच गेलो होतो. टेबलावर खडूचे तुकडे, डस्टर, शेजारी रंगाचे डाग पडलेली माझी जुनी पिशवी, तिरप्या उन्हात काढलेला फोटो. मला तो बराच आवडला होता. फळ्यावर लावला आणि मागे सरकलो. पहिल्या बाकावरच्या पोराने दोन मिनिटं नीट बघितलं, अगदी शिकवल्यासारखं.

"सर," तो म्हणाला, "हे सगळ्या सरांचं असतं."

फोटो काढून खिशात घातला आणि सोमवारी दुसरा आणतो म्हणालो.